प्रश्न वाचकांचे : आवृत्ती बदलली आणि टक्केवारीही बदलली

फ्लो सायटोमेट्रीच्या (रंगद्रव्ये लावलेल्या पेशी एकेक करून लेसरपुढून नेऊन मोजण्याच्या तंत्राच्या) विश्लेषणासाठी वापरल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरविषयी आलेल्या प्रश्नांपैकी चार प्रश्नांना या अंकात उत्तरे देत आहोत. पहिले दोन प्रश्न अनेकांनी वेगवेगळ्या शब्दांत विचारले होते, म्हणून त्यांना अधिक जागा दिली आहे.

प्रश्न : आमच्या प्रयोगशाळेत विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती बसवली. जुन्याच फाइली आणि जुनेच गेट (आलेखावर पेशींचा समूह वेगळा काढणाऱ्या सीमारेषा) उघडले, तेव्हा सीडी४ आणि सीडी८ या टी पेशींची टक्केवारी जशीच्या तशी आली, पण नियामक टी पेशींची (प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या पेशींची) टक्केवारी बदलली. यांपैकी कोणता आकडा खरा मानावा?

उत्तर : एक आकडा स्थिर राहिला आणि दुसरा हलला, या आपल्या निरीक्षणातच कारणाचा माग आहे. सीडी४ आणि सीडी८ यांचे समूह आलेखावर एकमेकांपासून इतके दूर असतात, की मधल्या मोकळ्या जागेत गेटची रेषा थोडी सरकली तरी तिच्या आतबाहेर जाण्यासारख्या पेशी तिथे जवळजवळ नसतातच. नियामक टी पेशींचे तसे नाही. सीडी२५ हे प्रथिन जास्त आणि सीडी१२७ कमी असलेल्या या पेशी उरलेल्या सीडी४ पेशींच्या सलग ढगाला चिकटूनच असतात आणि त्यांच्याभोवतीचा बहुभुज गेट बहुधा तिरका काढलेला असतो. अशा ठिकाणी रेषा केसभर हलली तरी मोजणी बदलते.

रेषा हलण्याचे नेहमीचे कारण म्हणजे अक्षाची मोजपट्टी. कॉम्पेन्सेशननंतर (एका रंगाचा दुसऱ्या रंगाच्या शोधकात सांडलेला प्रकाश वजा केल्यावर) अनेक पेशींची मूल्ये शून्याच्या आसपास किंवा ऋण येतात, आणि साध्या लॉगरिदमिक अक्षाला ती दाखवताच येत नाहीत, त्यामुळे त्या पेशी अक्षाला चिकटून साचतात. यावर पार्क्स, रोडेरर आणि मूर यांनी २००६ मध्ये लॉजिकल रूपांतरण मांडले. ते शून्याजवळ रेषीय आणि वरच्या मूल्यांना लॉगरिदमिक वागते. रेषीय भाग किती रुंद ठेवायचा, हे एका घटकावर ठरते, आणि तो घटक काही सॉफ्टवेअर प्रत्येक फाइलवरून स्वतः काढतात, तर काही ठरावीक ठेवतात. नव्या आवृत्तीत ही पद्धत बदलली, की बहुभुजाच्या कोपऱ्यांची मूल्ये तीच राहूनही दोन कोपऱ्यांमधली सरळ कड वेगळ्या पेशींमधून जाऊ लागते, कारण ती कड त्या त्या मोजपट्टीवरच सरळ असते. आयताच्या कडा अक्षांना समांतर असल्याने त्याला हा त्रास होत नाही.

याची पडताळणी सोपी आहे. त्याच जागी एक आयताकृती गेट काढून त्याच्या सीमांची मूल्ये दोन्ही आवृत्त्यांत आकडे टाकून तंतोतंत सारखी करावीत. त्यातली मोजणी जुळली, तर फरक मोजपट्टीचा आहे. जुळली नाही, तर कॉम्पेन्सेशन तपासावे : एक आवृत्ती उपकरणाने फाइलमध्ये लिहिलेला मॅट्रिक्स (सांडलेल्या प्रकाशाच्या प्रमाणांचा तक्ता) वापरत असेल आणि दुसरी स्वतः काढलेला. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑटोस्पिलसारख्या पद्धती एकरंगी नियंत्रणांत (एकच रंग लावलेल्या नमुन्यांत) धन आणि ऋण समूह वेगळे न काढता सर्व पेशींवर समाश्रयण (रिग्रेशन) करून हा मॅट्रिक्स काढतात, त्यामुळे तो जुन्या पद्धतीच्या मॅट्रिक्सपेक्षा वेगळा येणे स्वाभाविक आहे.

आता कोणता आकडा खरा, याविषयी. दोन्ही आकडे त्या त्या मोजपट्टीपुरते बरोबर असू शकतात, पण एकाच अभ्यासातले अर्धे नमुने एका आवृत्तीत आणि अर्धे दुसरीत तपासणे मात्र सर्वथा चूक आहे, कारण मग गटांमधला फरक जीवशास्त्राचा की सॉफ्टवेअरचा, हे कोणालाच सांगता येणार नाही. चालू अभ्यास जुन्या आवृत्तीत पूर्ण करावा, किंवा सर्व नमुने पहिल्यापासून नवीत तपासावेत. शोधनिबंधात सॉफ्टवेअरच्या नावाबरोबर आवृत्तीचा क्रमांक आणि वापरलेले रूपांतरण लिहावे. ज्या प्रयोगशाळा रुग्णांचे अहवाल देतात, त्यांनी तर आपोआप होणारे अपडेट बंदच ठेवावेत आणि जुन्या नमुन्यांवर दोन्ही आवृत्त्या समांतर चालवून पाहिल्याशिवाय नवी आवृत्ती कामात घेऊ नये.

प्रश्न : त्याच पेशींवर यूमॅप किंवा टी-एसएनई पुन्हा चालवले की चित्र वेगळे येते. मग त्यातल्या बेटांवर विश्वास कसा ठेवायचा?

उत्तर : पेशींवरच्या अनेक मार्करांची (ओळखीच्या प्रथिनांची) मूल्ये दोन मितींच्या एका चित्रात बसवणाऱ्या या दोन्ही पद्धतींत यादृच्छिक घटक असतो, म्हणून सीड (यादृच्छिक आकड्यांची सुरुवात ठरवणारी संख्या) नोंदवून तीच ठेवावी, म्हणजे चित्र बहुधा तेच येते. परंतु चित्र पुन्हा तेच आले, एवढ्याने ते विश्वासार्ह ठरत नाही. टी-एसएनई ही पद्धत २००८ ची आणि सायटोमेट्रीत ती २०१३ मध्ये व्हिस्ने या रूपाने रुळली, तेव्हा हाताळल्या जाणाऱ्या पेशींची संख्या आजच्या मानाने थोडी होती. लाखो पेशींवर पद्धतीची तीच मूळ सेटिंग वापरली, की एकच समूह तुटून दोन-तीन ठिकाणी विखुरतो. २०१९ मधल्या ऑप्ट-एसएनई या सुधारणेने शिकण्याचा वेग पेशींच्या संख्येच्या प्रमाणात वाढवून हा दोष बराच कमी केला.

चित्रातल्या बेटाचा आकार आणि दोन बेटांमधले अंतर यांवरून निष्कर्ष काढू नयेत. समूह ठरवायचे ते चित्रावर हाताने रेषा ओढून नव्हे, तर मूळ मार्करांच्या मूल्यांवर फ्लोसॉम किंवा फेनोग्राफ या समूह शोधणाऱ्या पद्धती चालवून. या दोन्ही पद्धती २०१५ च्या आहेत. फ्लोसॉममध्ये सामान्यतः दहा गुणिले दहा, म्हणजे १०० गाठींची जाळी असते आणि त्या गाठी पुढे मोठ्या समूहांत एकत्र केल्या जातात. किती समूह करायचे, हा निर्णय शेवटी आपलाच असतो, आणि प्रत्येक समूह नेहमीच्या द्विमितीय आलेखावर परत नेऊन पाहिल्याशिवाय त्याला नाव देऊ नये. एखादे नवे, देखणे बेट पुष्कळदा मृत पेशींचे, चिकटलेल्या जोडपेशींचे किंवा कॉम्पेन्सेशनच्या चुकीचे निघते. सीडी३ (टी पेशींची खूण) आणि सीडी१९ (बी पेशींची खूण) दोन्ही धन असलेला समूह दिसला, की नव्या पेशीप्रकाराची घोषणा करण्याआधी जोडपेशींचे गेट तपासावे. नमुना उपकरणातून वाहताना आलेल्या अडथळ्यांमुळेही अशी फसवी बेटे दिसू शकतात. त्या नोंदी वगळण्यासाठी फ्लोएआय आणि पीकोक्यूसी ही साधने आहेत, पण ती किती नोंदी वगळतात, ते प्रत्येक फाइलसाठी पाहावे.

प्रश्न : स्पेक्ट्रल उपकरण (प्रत्येक रंगाचा पूर्ण वर्णपट मोजणारे) घेतल्यापासून प्रत्येक नमुन्याच्या दोन फाइली तयार होतात, एक कच्ची आणि एक अनमिक्स केलेली, म्हणजे मिसळलेला प्रकाश एकेका रंगात उलगडलेली. जागा वाचवण्यासाठी कच्ची पुसली तर चालेल का?

उत्तर : मुळीच पुसू नये. पाच लेसरच्या ऑरोरासारख्या उपकरणात प्रत्येक पेशीसाठी ६४ फ्लुरोसन्स शोधकांची मूल्ये नोंदली जातात आणि अनमिक्सिंगनंतर त्यांतून फक्त पॅनेलमधल्या (प्रयोगासाठी निवडलेल्या) रंगांची मूल्ये उरतात. संदर्भ नियंत्रणात चूक सापडली, किंवा ऊतींतल्या पेशींची स्वयंदीप्ती एकाऐवजी अनेक प्रकारांनी वजा करायची झाली, तर मागे जाण्याची वाट कच्च्या फाइलमधूनच जाते. अनमिक्सिंगच्या पद्धती सध्या झपाट्याने सुधारत आहेत, त्यामुळे आज साठवलेली कच्ची फाइल पुढे अधिक चांगल्या रीतीने उलगडता येईल. त्यापुढे डिस्कवरची जागा ही किरकोळ बाब आहे.

प्रश्न : परवान्याचे पैसे न भरता काम होईल का? आणि कंपनी विकली गेली तर आमच्या जुन्या विश्लेषणांचे काय?

उत्तर : थोडे प्रोग्रॅमिंग शिकण्याची तयारी असेल, तर होईल. आर भाषेत बायोकंडक्टरचे फ्लोकोर, फ्लोवर्कस्पेस आणि ओपनसायटो, तर पायथनमध्ये फ्लोकिट ही मुक्त साधने उपलब्ध आहेत. आलेखावर माउसने गेट काढण्याची सोय आणि नवशिक्याला मिळणारा वेग यांत सशुल्क सॉफ्टवेअर अजूनही पुढे आहेत, हे मान्य करावे लागेल.

मालकीबद्दलची शंका रास्त आहे. सशुल्क सॉफ्टवेअरांपैकी फ्लोजो २०१७ मध्ये बीडी या कंपनीकडे गेले, सायटोबँक २०१९ मध्ये बेकमन कुल्टरकडे, आणि एफसीएस एक्स्प्रेस व ओमिक ही दोन्ही नंतर डॉटमॅटिक्सच्या छत्राखाली आली. मूळ मोजमापे सुरक्षित राहतात, कारण १९८४ पासून चालत आलेले एफसीएस हे फाइलींचे मानक कोणा एका कंपनीच्या मालकीचे नाही आणि जुन्या आवृत्त्यांतल्या फाइली आजही उघडतात. धोका असतो तो गेट आणि समूहांच्या नोंदींना, कारण त्या बहुतेक वेळा प्रत्येक सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या स्वरूपात साठवल्या जातात. सायटोएमएल हे पॅकेज फ्लोजोच्या वर्कस्पेस फाइली आणि सायटोबँकमधून गेटिंग-एमएल या सामाईक स्वरूपात काढलेले गेट आर भाषेत वाचू शकते. म्हणून परवाना चालू असतानाच एक जुना अभ्यास असा बाहेर काढून पाहावा आणि प्रत्येक गेटमधली पेशीसंख्या मूळ सॉफ्टवेअरमधल्या संख्येशी ताडून घ्यावी.