बजेट कॅप आली तरी जिंकणारे तेच, मग उपयोग काय झाला?

तुमचा मुद्दा असा, की फॉर्म्युला वनमध्ये (एफ-वन) बजेट कॅप, म्हणजे संघाने वर्षाला किती खर्च करायचा याची मर्यादा, लागू असतानाही २०२३ मध्ये रेड बुलने २२ पैकी २१ शर्यती मारल्या, म्हणजे खर्चकपात हे सगळं नाटक. आणि पुढचा प्रश्न, जुनी आठ सिलिंडरची व्ही-८ इंजिनं परत आणली तर एफ-वन स्वस्त होईल का.

पहिल्या मुद्द्याशी मी सहमत नाही. कॅपचं मोजमाप विजेत्यावरून करू नका. ग्रिडवर शेवटी उभा असलेला संघ पुढच्या वर्षी दिसणार आहे का, ते बघा.

२००८ च्या डिसेंबरात होंडाने गाशा गुंडाळला, त्यानंतर एफआयए या नियामक संस्थेचे तेव्हाचे अध्यक्ष मॅक्स मोस्ली यांनी २०१० पासून ४ कोटी पौंडांची मर्यादा सुचवली होती. मोठे संघ खवळले. फेरारी कोर्टात गेली, आणि जून २००९ मध्ये तर वेगळी मालिका काढण्याची धमकी आली. शेवटी मर्यादा बारगळली. गंमत अशी की तिच्याच भरवशावर नवे संघ आधीच आत घेतले होते. त्यातला एक एचआरटी. २०१० च्या बहरीनमध्ये आपल्या करुण चांढोकची कार तयार व्हायलाच इतका उशीर झाला, की तिन्ही सराव सत्रं बुडाली आणि तो ती पहिल्यांदा चालवत होता थेट क्वालिफाइंगमध्ये, म्हणजे शर्यतीतली जागा ठरवणाऱ्या फेरीत! २०१२ संपता संपता तो संघही गेला.

मर्यादेऐवजी मग काय केलं? वस्तूंवर बंदी. मोसम सुरू असताना टेस्टिंग बंद, हंगामाला ड्रायव्हरमागे आठच इंजिनं. पण पैसा खिशात असला की तो वाट काढतोच. टेस्टिंगचा पैसा सिम्युलेटर आणि विंड टनेलकडे (कारच्या मॉडेलवर वारा सोडून चाचणी घेण्याचा बोगदा) वळला. (नुसत्या पैशाने जिंकता येतं असंही नाही म्हणा. टोयोटा आठ हंगाम पाण्यासारखा पैसा ओतून एकही शर्यत जिंकली नाही. त्यांचं कोलोनचं विंड टनेल मात्र पुढे कित्येक वर्षं मॅक्लारेन भाड्याने वापरत होती.)

फोर्स इंडियाचं उदाहरण तर मला अजून टोचतं. २०१६ आणि २०१७, दोन्ही वर्षं कन्स्ट्रक्टर्समध्ये, म्हणजे संघांच्या गुणतक्त्यात, चौथा नंबर, आणि २०१८ च्या जुलैत संघ दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर प्रशासकाच्या ताब्यात. मालक विजय मल्ल्यांची बाहेरची लफडी होतीच, पण चौथ्या नंबरावरही हातातोंडाची गाठ पडत नसेल तर धंद्याचं गणितच चुकलेलं होतं.

२०२१ ला आलेली कॅप म्हणून वेगळी. ती वस्तू मोजत नाही, थेट पैसा मोजते. आधी ठरलेले १७.५ कोटी डॉलर कोविडमुळे १४.५ वर आणले, पुढे १४ आणि १३.५. ड्रायव्हरचा पगार, मार्केटिंग आणि सगळ्यात महागड्या तीन अधिकाऱ्यांचे पगार बाहेर. ही पळवाट मलाही खटकते. पण हिशेब खरंच तपासला जातो. २०२१ साठी रेड बुल सुमारे १८.६ लाख पौंडांनी, म्हणजे १.६ टक्क्यांनी पुढे गेली. त्या वादात कॅन्टीनचा खर्च कशात धरायचा इथपर्यंत चर्चा झाली. ७० लाख डॉलर दंड झाला, पण खरा फटका एअरोडायनॅमिक टेस्टिंगमध्ये (कारवरून हवा कशी वाहते याच्या चाचण्या) बसलेल्या १० टक्के कपातीचा.

कारण या टेस्टिंगची उतरंड कॅपच्या जोडीला आहे. वर्षाचे सहा टप्पे, एका टप्प्यात विंड टनेलच्या ३२० रन म्हणजे १०० टक्के. विजेत्या संघाला ७० टक्के, म्हणजे २२४. दहाव्याला ११५ टक्के, म्हणजे ३६८. रेड बुल कपातीनंतर २०० च्या आसपास आली. तरीही २०२३ त्यांनीच खाल्लं, कारण असल्या गोष्टींचा परिणाम दिसायला एक-दोन हंगाम जातात. त्याच वर्षाच्या सुरुवातीला तळाशी असलेली मॅक्लारेन २०२४ ला कन्स्ट्रक्टर्स विजेती झाली, १९९८ नंतर पहिल्यांदा. त्या हंगामात सात ड्रायव्हरनी किमान दोन-दोन शर्यती जिंकल्या. सगळं श्रेय कॅपचं नाही, पण कॅपच्या काळात एकही संघ बंद पडलेला नाही. उलट ऑडीने साउबर घेतली आणि २०२६ साठी कॅडिलॅक अकरावा संघ म्हणून आला.

(२०२६ ची मर्यादा २१.५ कोटी म्हणजे कॅप सैल केली, असं कुणी म्हणेल. आधी बाहेर असलेले काही खर्च त्यात आत घेतलेत, म्हणून दोन आकडे सरळ शेजारी ठेवू नका.)

आता व्ही-८. इंजिन म्हणून ते आताच्या हायब्रिडपेक्षा (इंधन आणि वीज दोन्हींवर चालणारं) सोपं आणि स्वस्त, यात वाद नाही. पण महाग असतं ते बदलणं. २०२६ च्या नियमांत एमजीयू-एच (एक्झॉस्टच्या गरम वायूतून वीज बनवणारा भाग) काढून टाकला, विजेचा वाटा वाढवून जवळपास निम्मा केला, म्हणून ऑडी आली आणि होंडाही परतली. त्यांनी ओतलेला पैसा वसूल व्हायच्या आत नियम फिरवले तर ते कशाला राहतील? २०१४ ला व्ही-८ जाऊन हायब्रिड आलं, इंजिन विकत घेणाऱ्या संघांची बिलं फुगली, आणि त्याच ऑक्टोबरात कॅटरहॅम आणि मारुशिया हे दोन्ही छोटे संघ प्रशासकाकडे गेले. म्हणून व्ही-८ चा प्रस्ताव कागदावर आला की आवाजाचं कौतुक नंतर. मी आधी बघेन की इंजिन विकत घेणाऱ्या हाससारख्या संघाला ते इंजिन वर्षाला कितीला पडणार, आणि तो आकडा नियमात लिहिलाय का.