ग्रेटफुल डेडच्या लाइव्ह टेप: साउंडबोर्ड ऐकावी की प्रेक्षकांतली?

भावा, तुझा प्रश्न असा की ग्रेटफुल डेड या अमेरिकन रॉक बँडच्या एकाच कॉन्सर्टच्या दोन-तीन प्रती सापडतात, त्यातली कुठली घ्यायची. सुरुवातीला साउंडबोर्ड, म्हणजे थेट मिक्सरवरून घेतलेली. ८ मे १९७७, कॉर्नेल विद्यापीठाचा बार्टन हॉल, इथून सुरू कर. ‘स्कार्लेट बिगोनियाज’ या गाण्यातून ‘फायर ऑन द माउंटन’ या गाण्यात ते कसे शिरतात ते बघच, लई भारी! बँडच्या ध्वनिमुद्रक बेटी कँटर-जॅक्सन यांची ही टेप. त्यांचा साठा १९८६ मध्ये लिलावात गेला आणि चाहत्यांपर्यंत पोचला. हा कॉन्सर्ट अधिकृतपणे आला थेट २०१७ मध्ये.

साउंडबोर्डवर आवाज स्वच्छ, पण सभागृह गायब. प्रेक्षकांतल्या, म्हणजे श्रोत्यांनी माइक लावून केलेल्या टेपमध्ये टाळ्या, आरडाओरडा, सगळं येतं. आपल्या कोल्हापुरात, देवल क्लबसारख्या जुन्या संगीत संस्थेच्या गावात, दाद नसलेली मैफल कोणाला रुचणार? बँडने तर १९८४ पासून टेप करणाऱ्यांना वेगळी जागाच दिली होती. अट एकच, टेप विकायची नाही.

फाइल फ्लॅकमध्येच (आवाजातलं काही न गमावणारा फाइल प्रकार) ठेव, एमपीथ्री करून पुढे पाठवू नकोस. सोबतची टेक्स्ट फाइल पण जप. कुठला माइक, कितवी प्रत, ते त्यातच असतं.