स्वतःच्या घरासाठी फुले घेताना

देवपूजेच्या पुडीचा हिशेब आपण कधी मांडत नाही, पण केवळ शोभेसाठी फुले घेतली की उधळपट्टी केल्यासारखे वाटते. ती रुखरुख मनातून काढून टाका आणि सुरुवात निशिगंधापासून करा. मावळातले गुलाब देखणे असतात खरे, तरी संध्याकाळी घरभर दरवळणारा निशिगंध मला अधिक प्रिय आहे. ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारात सकाळी लवकर जा आणि ज्या दांड्यांची खालची दोन-तीन फुले उमललेली व वरच्या कळ्या टपोऱ्या आहेत अशाच निवडा, कारण निशिगंध खालून वर उमलत जातो. घरी आल्यावर धारदार सुरीने देठाचे टोक सुमारे २ सेंटिमीटर तिरके कापा, पाण्यात बुडणारी पाने काढून टाका आणि पाणी रोज बदला. आपल्या उष्ण, दमट हवेत शिळ्या पाण्यात जिवाणू झपाट्याने वाढतात आणि देठातल्या पाणी वाहणाऱ्या नलिका तुंबवतात. जरबेऱ्याला मात्र चार बोटे पाणी पुरे, कारण त्याचा लवदार देठ खोल पाण्यात लवकर कुजतो. फुलदाणी पिकत्या केळ्यांजवळ किंवा आंब्यांजवळ ठेवू नका: त्यांतून निघणाऱ्या इथिलीन वायूमुळे फुले, विशेषतः कार्नेशन, अकाली कोमेजतात.