पडद्यावरची मुंबई, पायी पायी

दक्षिण मुंबईत जिथे जिथे सिनेमे चित्रित झाले त्या जागा गाइड न घेता, आपल्या आपण, पायी कशा पाहाव्यात, याबद्दल खानदेशातल्या वाचकांनी विचारलेले काही प्रश्न आणि त्यांची उत्तरं.

रात्रीच्या गाडीने निघून सकाळी सीएसएमटीला उतरायचं आणि रात्रीच परतीची गाडी धरायची, असा बेत आहे. एका दिवसात फोर्ट, गेटवे, मरीन ड्राइव्ह पायी होईल का? सुरुवात कुठून करावी? — वाचक, जळगाव

होईल. सगळा फेरा सहा-सात किलोमीटरचा आहे. पण उतरल्या उतरल्या स्टेशनचेच फोटो काढायला थांबू नका. सीएसएमटीची दर्शनी बाजू पश्चिमेला आहे, सकाळी ती स्वतःच्याच सावलीत असते. टाउन हॉलच्या पायऱ्या पश्चिमेला, ओव्हल मैदानाकडे तोंड केलेले हायकोर्ट आणि राजाबाई टॉवरही पश्चिमेला. म्हणजे ज्या तीन जागा सिनेमात सर्वांत जास्त दिसतात, त्यांच्यावर ऊन दुपारनंतर येतं. सकाळचं ऊन असतं ते ताज हॉटेलवर, कारण त्याचं तोंड समुद्राकडे, पूर्वेला आहे.

म्हणून क्रम असा ठेवा. सामान स्टेशनच्या क्लोकरूममध्ये टाका. बॅगेला कुलूप हवं, नाहीतर घेत नाहीत. प्रवासाचं तिकीटही जवळ ठेवा. नाश्ता करून दादाभाई नौरोजी रोडने सरळ दक्षिणेला चालत गेटवे गाठा. चौकातून पाहिलं तर सकाळी सूर्य कमानीच्या मागे असतो आणि कमान काळी येते. तिकडे पाठ करून ताज टिपा. तिथून रीगल सिनेमा (1933) आणि काळा घोडा. तिथे जुनं वॉटसन हॉटेल आहे, आताचं एस्प्लनेड मॅन्शन. 7 जुलै 1896 रोजी ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं भारतात पहिल्यांदा दाखवली गेली ती इथे. इमारत मोडकळीला आली आहे, समोरच्या फुटपाथवरूनच बघा.

दुपारी दीड-दोननंतर टाउन हॉल. एशियाटिक सोसायटीच्या या 30 पायऱ्या कितीतरी हिंदी सिनेमांत न्यायालयाच्या पायऱ्या झाल्या आहेत. खऱ्या न्यायालयात कॅमेरा नेणं अवघड, आणि इथले खांब बघून प्रेक्षकाला कोर्ट लगेच पटतं. वकील पायऱ्या उतरतात तेवढंच इथलं, आतली साक्ष बहुतेक वेळा सेटवरची. शेजारचं बॅलार्ड इस्टेट वास्तुविशारद जॉर्ज विटेटने आखलं; गेटवेही त्याचाच. एका उंचीच्या, एका घाटाच्या दगडी इमारती असल्यामुळे ते गरजेप्रमाणे परदेशातलं शहर म्हणूनही खपून जातं. मग हुतात्मा चौकातून चारच्या सुमाराला ओव्हल, पुढे चर्चगेट, आणि सूर्यास्ताला मरीन ड्राइव्ह. हिवाळ्यात चर्चगेटसमोरून सूर्य थेट समुद्रात बुडताना दिसतो, मे-जूनमध्ये तो मलबार हिलच्या टोकाकडे सरकतो. सीएसएमटी शेवटी. रात्री इमारत दिव्यांनी उजळलेली असते आणि गाडी तर तिथूनच धरायची आहे.

वार रविवार बरा. ऑफिसं बंद, रस्ते मोकळे. गर्दी फक्त गेटवेला. आणि एक खास आपल्या लोकांसाठी: 43 अंशांची सवय आहे म्हणून मुंबईचे 34 हलके घेऊ नका. आपलं ऊन कोरडं, घाम लगेच वाळतो. तिथे तो वाळत नाही, अंग थंड होत नाही आणि तासाभरात पाय गळतात. ऑक्टोबर आणि मे टाळा.

सिनेमातले स्क्रीनशॉट घेऊन गेलो होतो. जागा सापडल्या, पण फोटो जुळेनात. टॉवर फारच लहान येतो. असं का? — वाचक, भुसावळ

मोबाइलची मुख्य लेन्स रुंद असते. ती जवळचं मोठं करते आणि मागचं लांब ढकलते. सिनेमात टॉवर नटाच्या खांद्यामागे भला थोरला दिसतो, कारण कॅमेरा बराच मागे असतो आणि लेन्स लांबची. पुढे जाऊन उपयोग नाही, मागे सरका आणि दोन किंवा तीन पट झूम करा.

जुळवण्याचा क्रम पक्का ठेवा. स्क्रीनशॉटमध्ये कमी-जास्त अंतरावरच्या दोन न हलणाऱ्या वस्तू शोधा, समजा जवळच्या इमारतीचा कोपरा आणि लांबचा टॉवर. आधी डावी-उजवीकडे सरकत त्या एकमेकांवर तशाच येतात का ते बघा. मग मागे-पुढे होऊन दोघांच्या आकाराचं प्रमाण जुळवा. झूम सर्वांत शेवटी. झूमने चौकट बदलते, वस्तूंचं आपसातलं नातं बदलत नाही. आधीच झूम केलं की माणूस दिवसभर चुकीच्या जागी उभा राहतो. उंचीही तपासा, बऱ्याच वेळा कॅमेरा कमरेच्या खाली किंवा गच्चीवर असतो.

तरीही जुळलं नाही तर तीन शंका घ्या. एक, तुमची प्रत उलटी असेल. नेटवर चढवलेल्या काही चित्रफिती आरशातल्यासारख्या फिरवलेल्या असतात. दुकानाची पाटी किंवा गाडीची नंबरप्लेट वाचून बघा. दोन, वरखाली कापलेली असेल. 1950 च्या दशकातली चौकट चौकोनाच्या जवळची होती, आजच्या आडव्या पडद्यासाठी तिचं डोकं-पाय छाटतात. तीन, झाडं. सत्तरच्या दशकातल्या मोकळ्या फुटपाथवर आज पर्णसंभार आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये पानगळ झालेली असते तेव्हा थोडं तरी दिसतं.

स्क्रीनशॉट कागदावर छापून न्या, एका ए4 वर चार. उन्हात मोबाइलचा पडदा दिसत नाही, आणि एकाच मोबाइलवर जुना फोटो बघायचा अन् नवा काढायचा ही कसरत नुसती वेळ खाते.

‘रिमझिम गिरे सावन’ आईचं आवडतं गाणं. जुलैमध्ये तिला त्या जागा दाखवायच्या आहेत. ती सत्तरीची आहे. — वाचक, अमळनेर

‘मंजिल’ (1979), दिग्दर्शक बासु चटर्जी. गाण्याची दोन रूपं आहेत. किशोरकुमारचं मैफिलीतलं. पावसातलं, अमिताभ बच्चन आणि मौशुमी चटर्जी भिजत फिरतात ते लताबाईंच्या आवाजातलं. दुसरंच डोळ्यांपुढे ठेवा. त्यातली वाट सलग चालायचा हट्ट धरू नका. संकलनात एक पाऊल ओव्हलवर पडतं आणि पुढचं मरीन ड्राइव्हवर. गाण्याच्या क्रमाने गेलात तर आईंना तेच रस्ते दोनदा चालावे लागतील. ओव्हलच्या कडेची एक चौकट आणि मरीन ड्राइव्हची एक, एवढ्यात गाणं भेटतं. दोन्हींमध्ये टॅक्सी करा, अंतर किलोमीटरभरच आहे, पण ओल्या फुटपाथच्या फरश्या निसरड्या असतात. मैदानात चिखल असेल तर कडेच्या फुटपाथवरूनच बघा, टॉवर तिथूनही दिसतो.

निघण्याआधी भरतीचं वेळापत्रक बघा. साडेचार मीटरच्या वरच्या भरतीचे पावसाळ्यातले दिवस मुंबई महापालिका आधी जाहीर करते. त्या तासांत लाटा कठड्यावरून रस्त्यावर येतात, पोलिस कठड्याजवळ थांबू देत नाहीत आणि ते बरोबरच आहे. कठड्यापलीकडच्या सिमेंटच्या चौपायांवर कधीच उतरू नका. छत्री तिथल्या वाऱ्यात उलटी होते, रेनकोट घ्या. फोटो धुरकट येत असेल तर लेन्स कोरड्या सुती कापडाने पुसा. एसी टॅक्सीतून बाहेर आल्यावर काचेवर बाष्प धरतं, ते जायला दोन-चार मिनिटं द्या.

त्याच रस्त्यावरचं आणखी एक: ‘सी.आय.डी.’ (1956) मधलं ‘ये है बॉम्बे मेरी जान’, जॉनी वॉकर आणि कुमकुम घोडागाडीत. आणि ‘वेक अप सिड’चा (2009) पावसातला शेवटही मरीन ड्राइव्हवरच.

फोटोला, व्हिडिओला परवानगी लागते का? — वाचक, धुळे

सार्वजनिक रस्त्यावरून हातात मोबाइल धरून स्वतःसाठी काढायला कोणी अडवत नाही. अडचण ट्रायपॉडपासून सुरू होते. तिवई उघडली की सुरक्षारक्षकाच्या लेखी ते ‘शूटिंग’ होतं आणि तो कागद मागतो. तिवई घरीच ठेवा, कठड्याला किंवा खांबाला कोपर टेकवा. मंत्रालय, न्यायालय आणि नौदलाच्या फाटकांकडे कॅमेरा वळवू नका. ड्रोनचा विचारही नको.

‘जय हो’ गाणं ज्या फलाटावर झालं तिथे जाता येईल का? — वाचक, शिरपूर

‘स्लमडॉग मिलियनेअर’चा (2008) शेवट आणि ते गाणं सीएसएमटीवरचं. बाहेरून येणार असाल तर फलाट तिकीट काढा, 10 रुपये, दोन तास चालतं. तुमची लांब पल्ल्याची गाडी 8 ते 18 पैकी एका फलाटावर लागते. लोकलचे 1 ते 7 वेगळे, आणि कमानींचं, चांदण्यांच्या छताचं जुनं तिकीटघर त्याच बाजूला आहे. छत बघितल्याशिवाय निघू नका. वेळ दुपारी बारा ते चार. सकाळी नऊ ते अकरा आणि संध्याकाळी पाचनंतर लोकलच्या गर्दीत उभं राहायलाही जागा नसते, फोटो तर लांबच.

‘छोटी सी बात’मधलं हॉटेल अजून आहे का? — वाचक, चाळीसगाव

जहांगीर आर्ट गॅलरीतलं ‘समोवार’ म्हणत असाल तर नाही, 2015 मध्ये बंद झालं. गॅलरी चालू आहे. यादी करताना प्रत्येक जागेपुढे ‘आहे / बंद / रूप बदललं’ अशी खूण करा. चर्चगेटसमोरचं इरॉस थिएटर (1938) तिसऱ्या प्रकारातलं: बाहेरून तेच, आत 2024 पासून नवा आयमॅक्स पडदा.

मुंबई लांब पडते. शाळेच्या 20 मुलांना जवळपास असं काही दाखवता येईल? — शिक्षक, धुळे

मालेगाव. आग्रा रोडने पन्नासेक किलोमीटर. जिल्हा नाशिक, पण आपल्या उंबरठ्यावरचं. यंत्रमागाच्या गल्ल्यांत, तुटपुंज्या पैशांत, गाजलेल्या सिनेमांच्या स्थानिक नकला तिथे बनल्या; फैझा अहमद खान यांचा ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट त्यावरच आहे आणि रीमा कागती यांचा ‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’ हा कथापटही. माहितीपट मुलांना आधी दाखवा, मगच न्या, नाहीतर त्यांना नुसत्या गल्ल्या दिसतील. 20 मुलं एकदम नेऊ नका, गल्ली अडते. पाच-पाचचे चार गट, प्रत्येकाला एकच काम: या गल्लीत कॅमेरा कुठे ठेवला असता, ऊन कुठून आलं असतं, मागाच्या आवाजात संवाद कसे टिपले असते. घरांचे आणि माणसांचे फोटो विचारूनच काढायचे. शुक्रवारी माग बंद असतात. खडखडाट ऐकवायचा असेल तर दुसरा वार धरा.