योगा नंतर, आधी स्टूल द्या

तुम्ही विचारलंय: "आमच्या कापड दुकानात ३५ जणांचा स्टाफ आहे. लग्नसराईत सगळ्यांवर फार ताण येतो. मालक म्हणून मी काय करू शकतो? सकाळी योगाचा वर्ग ठेवायचा विचार आहे."

दादा, आधी त्यांना बसायला द्या.

मी सोलापुरात साड्यांच्या एका मोठ्या दुकानात ११ वर्षं काम केलं. लागले तेव्हा तिथे गादी होती, वर पांढरी चादर. गिऱ्हाईक गादीवर, आम्हीही गादीवर. बस्ता बांधायला आलेलं घर तीन-तीन तास हलायचं नाही, पण आम्ही मांडी घालून माल दाखवायचो, त्यामुळे त्रास वाटायचा नाही. मग त्याचं शोरूम झालं. काचेचे काउंटर आले, एसी आला, गिऱ्हाइकांना खुर्च्या आल्या. काउंटरच्या आतल्या बाजूला काही नाही. सकाळी दहा ते रात्री साडेनऊ उभं. शटर ओढल्यावर मोडलेल्या साड्यांच्या घड्या घालायच्या, तो पाऊण तास वेगळा.

चालताना पोटऱ्या रक्त वर ढकलत असतात. एका जागी उभं राहिलं की ते पायातच साचतं. रात्री माझ्या चपलेचा पट्टा पायात रुतलेला असायचा. सहाव्या वर्षी गुडघ्यामागे निळ्या शिरा वर आल्या, त्या अजून आहेत.

अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशीची गोष्ट. शेजारच्या काउंटरच्या मुलीची पाळी आलेली, साडेचार वाजले तरी डबा उघडलेला नाही. गिऱ्हाईक पैठणीचा पदर उजेडात बघायला दारापर्यंत गेलं, तेवढ्यात ती खोक्यांच्या थप्पीवर टेकली. एक मिनिटही झालं नसेल, काउंटरचा फोन वाजला. शेठ घरी बसून मोबाईलवर कॅमेरे बघत होते. "कोण बसलंय तिथे? उठव तिला." फोन मी उचलला होता. मी तिला उठवलं. ती काही न बोलता उठली, ते मला आजही सलतं.

आणि महिन्याभरात योगा सुरू झाला. "तुम्हा लोकांना टेन्शन फार," म्हणाले. रोज साडेनऊला, म्हणजे कामाच्या अर्धा तास आधी, गोडाऊनमध्ये. त्या अर्ध्या तासाचा पगार नाही. शवासन सांगितलं की दोघी-तिघी खरंच झोपी जायच्या. पहाटे पाचला उठून घरचे डबे करून आलेल्या असायच्या त्या.

मी शेठना विचारलं, "मोठे शेठ होते तेव्हा आपण सगळे बसूनच विकायचो. तेव्हा खप कमी होता का?" म्हणाले, "तेव्हाचं गिऱ्हाईक वेगळं होतं. आता बसलेली बाई आळशी दिसते." त्या दिवशी मला उत्तर सुचलं नाही, आज देते. गिऱ्हाइकाला काही वाटत नाही. बस्त्याला आलेल्या आज्या स्वतःहून म्हणायच्या, "बस की गं, केव्हाची उभी आहेस." खटकतं मालकाला. साडी खपते ती नवरीच्या रंगाला काय खुलेल, तिच्या आईचं बजेट किती, हे विकणारीला ओळखता आलं तर. पाय ठणकत असताना ते ओळखता येत नाही.

कोझिकोडच्या दुकानांतल्या बायका याच गोष्टीसाठी वर्षानुवर्षं भांडल्या. लघवीला सोडत नाहीत म्हणून त्या पाणीच कमी प्यायच्या. आम्हीही तेच करायचो. २०१८ मध्ये केरळने कायदा बदलून दुकानात बसायची सोय बंधनकारक केली, २०२१ मध्ये तमिळनाडूने. कारखान्यातल्या कामगारांसाठी तर ही तरतूद १९४८ च्या कायद्यातच आली होती. मग काउंटरवरच्या बाईने कुणाचं काय घोडं मारलंय?

बाकी, घड्यांसाठी थांबवलंत तर ओव्हरटाइम दुप्पट दराने द्या, आपल्या राज्याच्या २०१७ च्या कायद्यात ते आहे. वर्षाच्या ८ किरकोळ रजाही आहेत, त्या लग्नसराईतही अडवू नका. लग्नं तुमच्या माणसांच्या घरीही त्याच महिन्यांत असतात. जेवणाच्या पाळ्या ठरवून भिंतीवर लिहून लावा. कॅमेरा गल्ल्यावर ठेवा, माणसांवर नको.

योगाला माझा विरोध नाही, मी स्वतः घरी करते. पण कामाच्या वेळेत घ्या. आणि हेही खरं की सगळाच ताण स्टुलाने जाणार नाही. कुणाची झोप उडाली असेल, कुणी सारखी रडत असेल तर तिला डॉक्टरच लागतो. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर मोफत आहे, मराठीत बोलता येतं. जेवायच्या जागी चिकटवून ठेवा.

स्टूल घ्याल तेव्हा उंच घ्या, काउंटरच्या मापाचं, खाली पाय टेकायला दांडी असलेलं. बुटकं आणलंत तर प्रत्येक गिऱ्हाइकाला उठावं लागतं, मग आठवड्याभरात त्यावर खोकी रचलेली दिसतील.