तरुणपणीचा आवडता गायक 25 वर्षांनी दोघांनी एकत्र ऐकला, पण नवरा म्हणतो, 'हा तो नव्हेच.' असं का होत असेल?

तुम्ही लिहिलंय की गाणं सुरू झालं, तुमचे डोळे भरून आले, आणि शेजारी बसलेला नवरा म्हणाला, "हा तो आवाज नाही, नंतर कधीतरी पुन्हा गायलेलं दिसतंय." आता तुम्हाला प्रश्न पडलाय की माणूस बदलला की त्याचा कान. मी इथे नुसती वाचायला येते, लिहीत नाही. पण हे वाक्य जवळपास याच शब्दांत मागच्या वर्षी आमच्या घरात म्हटलं गेलं, त्यामुळे गप्प बसवत नाही.

आधी एक सांगा. तुमच्या घरी ती कॅसेट कुठल्या टेपवर वाजायची, आणि त्या टेपची मोटर कधी बदलली होती का?

हसू नका. आमच्या लग्नाला 27 वर्षं झाली आणि तेवढीच वर्षं हे भांडण चालू होतं. गायकाचं नाव सांगत नाही, नाहीतर खाली त्याच्यावरूनच जुंपेल. कॅसेट नवऱ्याची. लग्नाआधी त्याने ती मला ऐकायला दिली होती. मी पेटी शिकत होते, त्यामुळे गाणं आवडलं की आधी पट्टी शोधायची सवय. आमच्या घरच्या टेपवर त्या गायकाचा सा पांढरी दोनला (पेटीची दुसरी पांढरी पट्टी) होता. लग्नानंतर तीच कॅसेट नवऱ्याच्या टेपवर लावली तर सा काळी दोनला (तिच्या लगेच वरची काळी पट्टी). म्हणजे अख्खा गायक अर्धा सूर वर चढून बसलेला, आणि थोडा घाईतही.

मी म्हटलं, "तुझा टेप पळतोय." तो म्हणाला, "तुझी पेटी उतरलीय."

पेटी उतरते, हे मान्य. पण तिचा एखाददुसरा सूर बिघडतो. सगळे सूर संगनमत करून बरोबर अर्ध्या सुराने उतरत नाहीत. हे मी किती वेळा सांगितलं असेल! ज्याने आयुष्यात पेटीला बोट लावलं नाही, त्याच्याशी वाद घालत होते. शेवटी त्याने पुरावा म्हणून स्वतःचा आवाज त्याच टेपवर कोऱ्या कॅसेटमध्ये भरला आणि मला ऐकवला. "बघ, माझा आवाज माझ्यासारखाच येतोय ना? मग टेप बरोबर आहे." चार माणसांसमोर माना डोलावल्या गेल्या आणि मी हरले.

तो पुरावा फुसका होता. टेप जोरात पळत असेल तर भरतानाही जोरातच पळतो आणि वाजवतानाही, त्यामुळे चूक चुकीला खाऊन टाकते आणि आवाज सरळ येतो. विकतची कॅसेट मात्र बाहेर, नेमून दिलेल्या वेगाने भरलेली असते: सेकंदाला 4.76 सेंटिमीटर फीत. हा वेग कॅसेटची चाकं ठरवत नाहीत. हेडशेजारी (फितीवरचा आवाज वाचणारा भाग) एक बारीक फिरता दांडा असतो, रबरी चाक फितीला त्याच्यावर दाबून धरतं, आणि तो दांडा मोटरवर चालतो. पुष्कळ मोटरींना पाठीमागे वेग लावायचा बारीकसा स्क्रू असतो. नवऱ्याच्या टेपची मोटर कॉलेजात असताना बदलली होती. ज्याने बदलली त्याने स्क्रूकडे पाहिलं नसणार. वेग सहा टक्क्यांनी वाढला की सूर अर्ध्याने चढतो, एवढाच सगळा प्रकार.

मग टेप गेला, कॅसेट खोक्यात गेली, गायक आमच्या आयुष्यातून गेला. कोण ऐकत बसतं. मागच्या वर्षी आवराआवरीत कॅसेट हाती लागली. वाजवायला काही नव्हतं, म्हणून फोनवर शोधली. अख्खी सापडली, त्याच क्रमाने. दोघं बसलो. पहिली ओळ आली आणि नवऱ्याचा चेहरा पडला. "हा तो नाही. म्हातारपणी गायलाय. आवाज बघ किती जड झालाय, आणि किती रेंगाळतोय."

मी काही बोलले नाही. उठले आणि त्याची जुनी वही घेऊन आले. तो तेव्हा मित्रांना निवडक गाण्यांच्या कॅसेटी भरून द्यायचा. एका बाजूला 30 मिनिटं, त्यात गाणी बसवायची, म्हणून प्रत्येक गाणं घड्याळ लावून मोजायचा आणि निळ्या शाईत लिहून ठेवायचा. या गायकाची तीन गाणी वहीत होती: 5 मिनिटं, 4 मिनिटं, 5 मिनिटं 50 सेकंद. फोनवर तीच तीन: 5:18, 4:14, 6:11. भागाकार करून बघा, तिन्हीत साधारण 1.06 येतो. म्हातारपणी पुन्हा गायला असता तर एक गाणं लांबलं असतं, एक आखडलं असतं. तिन्ही एकाच मापाने लांबवून कोण गाईल?

वही त्याचीच, अक्षर त्याचंच. माझ्या आयुष्यात इतक्या शांतपणे मी दुसरा कुठलाही वाद जिंकलेला नाही.

त्या दिवशी आणखी एक झालं, ते सांगायला हवं. ती कॅसेट घेतल्या घेतल्याच टेपने गिळली होती, आणि चुरगळलेली दहाएक सेंटिमीटर फीत कापून चिकटपट्टीने जोडलेली होती. म्हणजे दोन सेकंद गायब. इतकी वर्षं आम्ही दोघंही तिथे उडी मारूनच ते गाणं म्हणत आलो. फोनवर ती जागा आली आणि आम्ही दोघं एकदम पुढे गेलो, गायक मागे राहिला. त्या दोन सेकंदांत तीन शब्द होते. अगदी साधे. ते आम्ही मागे नेऊन चार-पाच वेळा ऐकले. आणि कॅसेटवर गाणं सुरू व्हायच्या आधी पहिल्या ओळीची पुसट सावली ऐकू यायची (गुंडाळलेल्या फितीचा एक थर शेजारच्या थरावर उमटतो, त्याने), ती फोनवर नाही. तिची आठवण नवऱ्याने काढली, मी नाही.

आता तुमचा प्रश्न. दहा ते तीस या वयातल्या आठवणी माणसाला म्हातारपणी जास्त येतात, हे मानसशास्त्रात बऱ्याचदा दिसलेलं आहे, आणि गाण्यांचंही तसंच. तुमच्या दोघांत वयाचं अंतर असेल तर तुमच्या ऐन विशीतला गायक त्याच्या तिशी-पस्तिशीतला असेल. मग डोळे तुमचेच भरणार. त्यात त्याचा काही गुन्हा नाही. पण तो "आवडलं नाही" म्हणत नाहीये, "हा तो नाही" म्हणतोय. ही ठोस तक्रार आहे आणि ती तपासता येते. कॅसेटच्या वेष्टनावर गाण्याची वेळ छापली असेल तर फोनवरच्या वेळेशी जुळवा. दोन्ही जुळल्या तर छापलेली आवृत्ती हीच, आणि संशय तुमच्या टेपवर. कॅसेट असेल आणि कुणाचा चालता टेप मिळाला तर फारच उत्तम. आणि ऐकताना क्रम मोडू नका. एक गाणं संपलं की पुढचं कुठलं हे कानाला आधीच माहीत असतं, फोन भलतंच लावतो आणि सगळा ओघ तुटतो.

"आता पूर्वीसारखं गाणं राहिलं नाही" म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी हल्ली हेच विचारते, की पूर्वी तुमचं यंत्र किती वेगाने पळत होतं.

अर्थात, गायकाने खरोखरच नंतर पुन्हा ध्वनिमुद्रण केलेलं असू शकतं, असे पुष्कळ आहेत. फोनवरच्या वेळेत शेवटची दोन-चार सेकंदं शांतता धरलेली असते, तेवढा फरक सोडून द्या. आणि नवऱ्याला शब्द नीट कळत नसतील, स-श सारखी अक्षरं निसटत असतील, तर कान तपासून घ्या, वयाबरोबर वरचे सूर आधी जातात. टेपचा मुद्दा शंभरात एखाद्या घरीच लागू असेल, हेही मान्य.

आमच्याकडे सध्या अशी स्थिती आहे की नवऱ्याने संगणकावर सगळी गाणी सहा टक्के जोरात करून घेतलीत आणि त्या फोल्डरला 'मूळ' असं नाव दिलंय. मी बरोबर वेगाची ऐकते. परवा काम करता करता मी त्यातलंच एक गुणगुणत होते. तो उठला, माझी पेटी उघडली, दोन-तीन पट्ट्या दाबून बघितल्या, एका पट्टीवर बोट ठेवलं आणि काही न बोलता माझ्याकडे बघत राहिला. काळी दोन.