ब्लॉक कर, पण आधी स्क्रीनशॉट

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझा लांबलचक मेसेज दोनदा वाचला. "बाई, ब्लॉक केलं तर लोक म्हणतील हिला टीका सहन होत नाही," हे वाक्य मला खटकलं. तू ब्लाउजच्या कटिंगचे व्हिडिओ टाकतेस, त्याखाली कोणीतरी तुझ्या अंगावरून घाण लिहितो, आणि तो काय म्हणेल याची काळजी तू करत बसतेस! भीड भिकेची बहीण म्हणतात, ती हीच भीड. ब्लॉक करायला कारण द्यावं लागत नाही, परवानगी लागत नाही, आणि समोरच्याला तशी सूचनाही जात नाही. तेव्हा करावं की नाही हा वाद सोडून दे. कधी करावं, आधी काय उरकावं आणि कुठे ब्लॉकचा काही उपयोग नाही, एवढंच लिहिते.

टीकेचं म्हणशील तर तुझ्या परवाच्या व्हिडिओखाली एका बाईंनी लिहिलंय, "मुंढा अर्धा इंच खोल घ्या, नाहीतर बगलेत चुण्या पडतात. आधी स्वतः नीट शिका." सूर खवचट आहे, पण बोलणं कापडाबद्दल आहे. ती कमेंट राहू दे, उत्तरही दे. तिच्या खालच्या कमेंटचा मुंढ्याशी काही संबंध नाही. ती तुझ्या शरीराबद्दल आहे आणि तिला मतभेद म्हणत नाहीत. या दोन्हींत गल्लत करणारे लोक तुला शहाणपण शिकवायला येतील, "सोशल मीडियावर यायचं तर एवढं सोसावंच लागतं" म्हणतील. त्यांचंही ऐकायचं कारण नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. इन्स्टाग्रामवर एखाद्याला ब्लॉक केलं की तुझ्या पोस्टवरच्या त्याच्या कमेंट आणि लाइक निघून जातात, आणि अनब्लॉक केलं तरी परत येत नाहीत. म्हणजे रागाच्या भरात बटण दाबलंस तर पुरावाही तुझ्याच हाताने पुसला गेला. म्हणून क्रम ठरवून ठेव: आधी स्क्रीनशॉट, मग रिपोर्ट, शेवटी ब्लॉक. स्क्रीनशॉटही नुसत्या वाक्याचा नको. कमेंट कोणत्या व्हिडिओखाली आहे ते दिसायला हवं. त्याचं प्रोफाइल उघडून खात्याचं नाव दिसेल असा दुसरा घे आणि प्रोफाइलची लिंक कॉपी करून तारीख-वेळेसह जपून ठेव. अशी माणसं खात्याचं नाव आणि फोटो बदलायला मिनिटभरही लावत नाहीत.

व्हॉट्सॲपवर वेगळी गोम आहे. रिपोर्ट करताना त्या माणसाचे शेवटचे पाच मेसेज कंपनीकडे जातात, त्याला ते कळत नाही, इथवर ठीक. पण त्याच खिडकीत ब्लॉक करण्याचा आणि चॅट पुसण्याचा पर्याय चिकटलेला असतो. घाईत 'ओके' दाबशील तर सगळं संभाषण गेलं. चॅट आधी एक्सपोर्ट करून स्वतःला ईमेल कर. आणि ज्या फोनवर ते मेसेज आलेत तो सध्या विकू नको, फॉरमॅट मारू नको.

त्या जुन्या वर्गमित्राचं प्रकरण मात्र मला नुसत्या ब्लॉकचं वाटत नाही. एक खातं बंद केलं की दुसरं काढतो, तेही बंद केलं की तुझ्या मैत्रिणीच्या मार्फत निरोप पाठवतो. इन्स्टाग्रामवर ब्लॉक करताना 'हे खातं आणि त्याने काढलेली किंवा पुढे काढेल ती खाती' असा पर्याय येतो, तो निवड. त्याने बराच त्रास वाचतो, पण नव्या नंबरवरून आणि नव्या ईमेलवरून येणाऱ्याला तो दर वेळी ओळखेलच असं नाही. म्हणून ब्लॉक करण्याआधी त्याला एकच वाक्य लिही: "मला तुझ्याशी कोणताही संपर्क नको आहे, यापुढे मेसेज किंवा फोन करू नकोस." कारण सांगू नको, समजूत काढू नको, त्याने विचारलेल्या 'का'ला उत्तर देऊ नको. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये पाठलागाचा जो गुन्हा आहे, त्यात स्त्रीने नको असल्याचं स्पष्ट दाखवूनही वारंवार संपर्क करणं येतं, आणि तिच्या इंटरनेट वापरावर पाळत ठेवणंही येतं. पहिल्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. १ जुलै २०२४ पूर्वी हेच भारतीय दंड संहितेत ३५४-ड म्हणून होतं. तुझं ते एक वाक्य म्हणजे 'नको असल्याचं स्पष्ट दाखवणं', म्हणून त्याचाही स्क्रीनशॉट हवा.

(कोणी माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६-अ लावा म्हणून सांगेल. ते कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजीच रद्द केलं. तरी आपल्याकडे चहाच्या टपरीवर ते अजून जिवंत आहे.)

पोलिसांत "हे आमच्या हद्दीत येत नाही" असं ऐकावं लागलं तर शांतपणे सांग की भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कोणतीही असली तरी फिर्याद घेता येते. शिवाय केंद्र सरकारचं सायबर क्राइम पोर्टल आहे, तिथे महिलांच्या तक्रारींचा वेगळा विभाग आहे. १९३० हा नंबर पैशांच्या फसवणुकीसाठी आहे, तो इथे तुझ्या फारसा कामाचा नाही. आणि तू मेसेजमध्ये अर्धवट सोडलेलं वाक्य मला समजलं. तो एखादा खासगी फोटो पसरवण्याची धमकी देत असेल, तर स्टॉपएनसीआयआय नावाची मोफत सेवा आहे, अठरा वर्षांवरच्यांसाठी. तिथे फोटो पाठवावा लागत नाही. तुझ्याच फोनवर त्या फोटोचा एक सांकेतिक ठसा तयार होतो, तेवढाच पुढे जातो, आणि त्या सेवेत सहभागी असलेल्या कंपन्या त्यावरून तो फोटो ओळखून अडवतात. ही लाजेची गोष्ट त्याच्यासाठी आहे, तुझ्यासाठी नाही.

काकांचा प्रश्न उलटा आहे. त्यांना व्हॉट्सॲपवर ब्लॉक करून तुझं काहीच साधणार नाही. कुटुंबाच्या ग्रुपमध्ये तुम्ही दोघं आहात तोवर त्यांचे सुविचार आणि औषधाचे फॉरवर्ड तुला दिसणारच, आणि तुझे मेसेज त्यांना. वर डीपी दिसेना, मेसेजला एकच टिक, हे लक्षात आलं की दिवाळीत आत्याबाईंच्या कोर्टात तुझी सुनावणी. ग्रुप कायमचा म्यूट कर, अर्काइव्हमध्ये टाक, फोटो-व्हिडिओ आपोआप डाउनलोड होणं बंद कर. तुझं स्टेटस त्यांना दिसू नये असं वाटतं तर स्टेटसच्या प्रायव्हसीत त्यांचं नाव वगळ. बोलणं चालू राहील आणि डोकंही ठिकाणावर राहील.

इन्स्टाग्रामवर टोमणे मारणारी ती मामेबहीण असेल तर तिला रिस्ट्रिक्ट कर. तिची कमेंट तिची तिलाच दिसते, तू मंजूर केलीस तरच इतरांना. मेसेज रिक्वेस्टमध्ये जातात आणि तू वाचलेस की नाही हे तिला कळत नाही. नात्यातल्या माणसांसाठी मला हे ब्लॉकपेक्षा फार बरं वाटतं.

अनोळखी टवाळखोरांसाठी इन्स्टाग्रामच्या 'हिडन वर्ड्स'मध्ये स्वतःची यादी भर, म्हणजे त्या शब्दांच्या कमेंट आपोआप लपतात. मराठी शिव्या लोक देवनागरीत लिहितात, रोमन लिपीत लिहितात, मधे टिंब-तारे घालून लिहितात, कधी नुसती इमोजी टाकतात. एकाच शब्दाची चार-पाच रूपं घालावी लागतील. काम किळसवाणं आहे, मैत्रिणीकडून करून घे.

आणखी एक. ब्लॉक म्हणजे तू अदृश्य झालीस असं समजू नको. तुझं पान सगळ्यांसाठी खुलं आहे, दुसऱ्या खात्यावरून कोणीही बघू शकतो. एक्सवर (पूर्वीच्या ट्विटरवर) तर नोव्हेंबर २०२४ पासून ब्लॉक केलेल्यालाही तुझ्या खुल्या पोस्ट वाचता येतात. मागच्या व्हिडिओत खिडकीतून समोरच्या दुकानाची पाटी आणि तुझ्या स्कूटीची नंबरप्लेट स्पष्ट दिसते. मशीन दुसऱ्या भिंतीकडे वळव, तो व्हिडिओ हटव आणि नव्याने चित्रित करून टाक. 'आज अमक्याला ब्लॉक केलं' अशी स्टोरी तर चुकूनही टाकू नको, त्याला हवं असलेलं लक्ष तू फुकटात देशील. फेसबुकवर दया येऊन अनब्लॉक केलंस तर त्याला पुन्हा ब्लॉक करायला ४८ तास थांबावं लागतं, हेही माहीत असू दे.

वजन कमी करण्याच्या व्हिडिओंनी भंडावून सोडलंय म्हणालीस. त्यात तुझाही थोडा हात आहे. चिडून का होईना, तू ते शेवटपर्यंत बघतेस, खाली भांडतेस, आणि व्हिडिओ सुचवणाऱ्या यंत्राला तुझा राग आणि तुझी आवड यांत फारसा फरक करता येत नाही. यूट्यूबवर तीन टिंबांत 'हे चॅनल सुचवू नका' आहे ते दाब आणि वॉच हिस्टरीतून ते व्हिडिओ काढून टाक. इन्स्टाग्रामवर सुचवलेला मजकूर रीसेट करायची सोय सेटिंग्जमध्ये आहे.

रविवारी अकरानंतर घरी ये. त्या मुलाच्या सगळ्या खात्यांच्या लिंक आणि स्क्रीनशॉट तारखेवार लावून पेन ड्राइव्हवर आण, आपण पोर्टलवरची तक्रार एकत्र बसून भरू. आईलाही घेऊन ये. फोन काढून घेते म्हणाली ना ती, तिच्याशी मी बोलते.

तुझ्या,
बाई